एकतीस नंबरची जागा

ताईला नोकरी मिळाली ती एका चिठ्ठीवरून, आणि त्या चिठ्ठीवर ना नाव होतं, ना पत्ता, ना शिक्का. विद्यापीठाच्या इतिहास विभागात जिन्यापाशी एक फळा आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘संधी’ असं लिहिलंय आणि खाली बहुतेक वेळा रिकाम्या टाचण्याच असतात. तिथे कोणीतरी शाईच्या पेनानं लिहून ठेवलं होतं : ‘जुने कागद वाचायचा कंटाळा नसलेला विद्यार्थी हवा. तीन महिने उमेदवारी, पगारी. जमलं तर कायम.’ खाली फोन नंबर. बस्स.

“ही शेंडी लावायची तऱ्हा आहे,” बाबा म्हणाले. बाबा लिफ्टची दुरुस्ती करतात. दोराला हात लावून बघितल्याशिवाय ते आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्येसुद्धा पाय ठेवत नाहीत, मग अशा चिठ्ठीवर कसला विश्वास ठेवतायत! “जुने कागद वाचायला कोण पगार देतं? मी तर रद्दीवाल्याला देतो.”

“बाबा, तुम्ही नेहमी असंच.”

“बरं, मग तुझ्या वर्गातल्या बाकीच्यांचं काय झालं ते सांग.”

ताईनं बोटं मोजायला सुरुवात केली. सहा जण शिकवायला लागले होते. पाच सरकारी परीक्षांचा अभ्यास करत होते आणि चेहऱ्यावरून ते तो जन्मभर करणार असं वाटत होतं. दोघी संग्रहालयात, एक बँकेत. एकजण मालिका बनवणाऱ्यांकडे, त्या काळात सदऱ्याला बटणं होती की नाही हे सांगायला. “आणि तो सांगतो तेव्हा ते ऐकत नाहीत,” ताई म्हणाली. उरलेल्यांपाशी पोचेपर्यंत बाबांनी चहा संपवला होता.

 शंकेची पाल माझ्याही मनात चुकचुकली होती. आता एक सांगून टाकते : गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हात वर करायलासुद्धा घाबरायचे. यंदा वादविवादाच्या संघात गेले, ढाल जिंकून आणली, आणि तेव्हापासून मला प्रश्न विचारायची चटकच लागलीय. आई म्हणते, आधी हिचं तोंड उघडत नव्हतं, आता मिटत नाही. असो.

ताई त्या ऑफिसात जायला लागली आणि माझी शंका कमी व्हायच्या ऐवजी वाढली. कारण ती काही सांगेचना.

“काय काम केलंस आज?”

“वाचलं.”

“काय वाचलंस?”

“ते सांगायचं नसतं.”

“का पण?”

“ज्यांचं काम आहे त्यांना आवडत नाही.”

घ्या! पगार देतात, आणि काम सांगायचं नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी बाबांकडे. घरात दोन माणसांचं एका गोष्टीवर असं एकमत क्वचितच होतं.

पंधराएक दिवसांनी ताई तिचा चष्मा घरी विसरली. आई म्हणाली, राहू दे, संध्याकाळी येईलच. पण मी इतकी मोठी संधी सोडणार होते होय? शाळा सुटल्यावर थेट तिथे गेले.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, दाताच्या डॉक्टरच्या वर. जिन्यात लवंगेच्या तेलाचा वास, आणि खालून मधूनमधून ते यंत्र किर्रर्र करतं. दारावर पाटी नाही. आत दोनच खोल्या. एकीत जमिनीपासून छतापर्यंत जाडजूड पुस्तकं, सगळ्यांचे कणे सारखे, नुसती त्यांवर छापलेली वर्षं वेगळी. दुसरीत मोठं टेबल, त्यावर नकाशा पसरलेला आणि त्याची चार टोकं दाबायला चार कपबश्या. टेबलाशी पांढऱ्या केसांचा एक माणूस, गळ्यात दोरीनं अडकवलेलं भिंग. तेव्हापासून मी त्यांना भिंगच म्हणते. ताईला आवडत नाही.

“तू कोण?” भिंग म्हणाले.

“मी हिची धाकटी बहीण. चष्मा द्यायला आले.”

“कशावरून?”

मी हातातला चष्मा वर धरला.

“हा चष्मा तिचा आहे एवढंच यावरून कळतं,” ते म्हणाले. “तू बहीण आहेस हे नाही.”

मला आधी राग आला आणि मग, खरं सांगू, जाम आवडलं. ताई लाजेनं लाल झाली होती. पण भिंगांनीच मला स्टुलावर बसवलं आणि त्यांचं काम काय ते सांगितलं. कोणाचं ते नाही, नुसतं काय ते.

कोणी कुठे बांधकाम काढलं की आधी त्या जागेचा शंभर वर्षांचा इतिहास काढायचा. तिथे पूर्वी काय होतं? पेट्रोलपंप? छापखाना? रंगाचा कारखाना? जमीन वरून साफ दिसते, पण खाली काय मुरलंय ते नुसतं बघून कळत नाही. सगळी जमीन खणून तपासणं परवडत नाही, म्हणून कुठे खणायचं ते आधी कागदांत बघायचं. ती जाडजूड पुस्तकं म्हणजे जुन्या रहिवाशांच्या याद्या. दर वर्षी एक छापायचे. रस्त्याचं नाव, घराचा नंबर, तिथे कोण राहतं आणि कसला धंदा करतं. सगळं ओळीनं.

“आणि याला इतिहास शिकलेलं माणूस लागतं?” मी विचारलं.

“याला संशय घेता येणारं माणूस लागतं,” भिंग म्हणाले. “ते इतिहासवाल्यांकडे जरा जास्त सापडतं. एरवी मिळालेल्या पहिल्या कागदावर लोक खूश होतात.”

मग त्यांनी एक छापील कागद दाखवला. प्रत्येक जागेच्या अहवालाच्या शेवटी तो जोडायचा. चौदा प्रश्न, प्रत्येकापुढे चौकोन. बघितलं की बरोबरची खूण करायची. नकाशे किती पाहिले, विमानातून काढलेले फोटो पाहिले का, असं. नववा प्रश्न होता : ‘रस्त्यावरचे घर-क्रमांक मधल्या काळात बदलले आहेत का, हे पडताळले.’

घरी येऊन मी बाबांना म्हटलं, “काम खरं आहे. माणूस तऱ्हेवाईक आहे.” बाबांनी मान हलवली. पण पगार वेळेवर येतो का यावर ते डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून होते.

तीन महिने संपत आले. ताईनं अकरा जागांचे अहवाल केले होते, बारावा केला की झालं. शुक्रवारी भिंग तिला कायम केल्याचं पत्र देणार होते. आई कधी नव्हे ते नातेवाइकांना आपणहून फोन करायला लागली होती, आणि ‘इतिहास घेऊन पुढे काय?’ असं वर्षानुवर्षं विचारणाऱ्या मामीला तर तिनं दोनदा केला.

त्या आठवड्यात ताई अचानक माझ्याशी फार गोड वागायला लागली. “तुमच्या शाळेशेजारी ती मोकळी जागा आहे ना, तिथे तुम्ही जाता का गं?”

“नाही. कुंपण आहे. आता तिथे मैदान होणारेय, पुढच्या सोमवारपासून सपाट करणार आहेत. का?”

“सहज.”

आता मला सांगा, इतिहासाचा माणूस सहज कधी काही विचारतो का?

सोमवारी संध्याकाळी ताई अंघोळीला गेली आणि मी तिची पिशवी उघडली. हो, उघडली. चूक होती, कबूल. आत बारावा अहवाल होता. पहिल्याच पानावर आमच्या शाळेचा रस्ता. ‘क्रमांक ३१. पूर्वी फुलझाडांची रोपवाटिका. नकाशात दोन शेड व पाण्याचे तीन हौद. नंतर मोकळी जागा. धोकादायक वापराचा पुरावा नाही.’ शेवटी चौदा चौकोन, चौदा खुणा.

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे आमच्या मैदानासाठीच हे चाललं होतं! मी पिशवी बंद केली. मंगळवारी ताईनं अहवाल ऑफिसात दिला आणि तिथून तो शाळेच्या मंडळाकडे गेला.

बुधवारी मधल्या सुट्टीत मी शिपाईकाकांबरोबर कुंपणापाशी उभी होते. ते झाडांना पाणी घालत होते. आमच्या शाळेत शिपाईकाका एकटेच असे आहेत की त्यांच्या हातानं काठी लावली तरी तिला पालवी फुटेल.

“काका, इथे पूर्वी रोपवाटिका होती म्हणे.” मला मिरवायचं होतं, दुसरं काय.

काका हसले. “कोण म्हणतं?”

“आहे माहीत मला.”

“मग तो माळी उपाशी मेला असेल. या कुंपणाला लागून मी चार वेळा वेल लावला. चारही वेळा जळाला. पलीकडे बघ, हाच पाइप, हेच पाणी, आणि कसा माजलाय. इथली माती खणली ना, की हिरवटनिळी निघते. वास पण येतो.”

“कसला?”

“आता कसला सांगू! जुन्या बुटात नाक घाल, म्हणजे कळेल.”

माझे कान टवकारले. रोपवाटिकेत रोप का जगू नये? कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि पहिला संशय मी भिंगांवर घेतला. शाळेच्या मंडळाला मैदान घाईनं हवंय, त्यांनी सांगितलं असेल, जागा स्वच्छ दाखवा. भिंगांनी ताईला सांगितलं असेल. आणि ताईला शुक्रवारचं पत्र हवंय. हा विचार आल्यावर मला माझीच भीती वाटली. मी माझ्या बहिणीवर संशय घेत होते, तिच्या ऑफिसवर नाही, तिच्यावर.

गुरुवारी वादविवादाची फिरती ढाल परत करायला मुख्याध्यापक बाईंच्या खोलीत गेले. बाई फोनवर होत्या, म्हणून भिंतीकडे बघत उभी राहिले. तिथे शाळेच्या पहिल्या वर्षीचं बक्षीसपत्र काचेत लावलंय. ते मी शंभरदा पाहिलं असेल. त्यावर शाळेचा गोल शिक्का आहे, शिक्क्यात रस्त्याचं नाव, आणि नंबर अठरा.

अठरा?

आमच्या शाळेचा नंबर तेहतीस आहे. फाटकावरच्या पत्र्यावर तेहतीस, माझ्या ओळखपत्रावर तेहतीस. शाळा त्या दिवसापासून आजपर्यंत जागची हललेली नाही, हे तर बाई दर वार्षिक समारंभात सांगतात.

संध्याकाळी ताई जेवणाच्या टेबलावर पाय हलवत बसली होती. उद्या काय घालायचं यावर तिचं आणि आईचं चाललं होतं. मी तिला आमच्या खोलीत ओढत नेलं आणि दार लावलं.

“ताई, त्या जुन्या याद्यांत तू एकतीस नंबर बघितलास ना?”

तिचे डोळे बारीक झाले. “तुला एकतीस कसं माहीत?”

“पिशवी उघडली होती.”

“भोचके! तुला काही लाज...”

“नंतर मार. आधी सांग, त्याच यादीत आमची शाळा किती नंबरला आहे?”

ती मारायला उचललेला हात तसाच धरून उभी राहिली. मग हळूच खाली बसली. तिनं ते बघितलं नव्हतं. तिला एकतीस हवा होता, तिनं एकतीस काढला, आणि एकतिसाला रोपवाटिका छापलेली होती.

यादीच्या पानांचे फोटो तिच्या फोनवर होते. तिनं बोटांनी मोठं केलं. दोघींची डोकी एकमेकींवर आपटली. ‘१७, पाववाला. १८, मुलींची शाळा. १९...’

“वाच ना,” मी म्हटलं.

“१९, कातडी कमावण्याचा कारखाना,” ताई म्हणाली. “मग आडवी गल्ली.”

आजही आमच्या शाळेनंतर ती एकच मोकळी जागा आहे, आणि मग आडवी गल्ली. आमच्या रस्त्याच्या एका टोकाला बाजार, दुसऱ्याला पूल; नंबर तेव्हा बाजाराच्या टोकाकडून मोजायचे. पुढे केव्हातरी पुलाकडून मोजायला लागले असणार, एका बाजूला विषम, समोर सम. ताई एकामागून एक वर्षं काढत गेली. पुढचं वर्ष, कारखाना. त्याच्या पुढचं, कारखाना. तिच्याकडे फोटो होते तेवढी सगळी वर्षं, कारखाना.

“ते हौद,” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी खोल गेला होता. “मला वाटलं रोपांना पाणी घालायचे. कातडी भिजवायचे होते गं ते. तीन हौद. औषधात कातडी महिनोन्‌महिने भिजत घालतात आणि तेच पाणी जमिनीत जातं. ते मैदान सपाट केलं ना, तर सगळं वर येईल. धूळ उडेल. तुम्ही पडाल, गुडघे फोडाल...”

“मग नवव्या चौकोनात खूण कशी केलीस?”

हा प्रश्न मी विचारायला नको होता असं तिच्या तोंडाकडे बघून वाटलं. पण विचारला.

“आधीच्या अकरा रस्त्यांत बदल नव्हता,” ती म्हणाली. “म्हणजे... पहिल्या चार रस्त्यांत मी नीट बघितलं होतं, आणि नव्हता. मग वाटलं, नसतोच. मग नुसतीच खूण करत गेले.”

कोणी तिला सांगितलं नव्हतं. भिंगांनी नाही, मंडळानं नाही. मी ज्याला कट समजत होते तो साधा आळस होता. मला हायसं वाटायला हवं होतं, पण कट असता तर बरं झालं असतं असंच वाटत राहिलं.

“सांगणार ना?” मी म्हटलं.

“हो.”

“उद्या?”

ती खिडकीकडे बघत होती. “सोमवारच्या आत सांगितलं की झालं ना? शुक्रवारी पत्र घेईन, आणि शनिवारी मलाच सापडल्यासारखं...” ती थांबली. “काही नाही. झोप जा. म्हणजे, अभ्यास कर.”

शुक्रवारी सकाळी ती आईनं इस्त्री केलेले कपडे घालून निघाली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ‘काही नाही’ म्हणजे काय, हे मी रस्ताभर घोकत होते. शाळेच्या फाटकापर्यंत गेले आणि वळले. पहिला तास भूगोलाचा होता, तो मी त्यागला.

दाताच्या डॉक्टरकडचं यंत्र किर्रर्र करत होतं. वरचं दार अर्धवट उघडं होतं. मी जिन्यातच थांबले. टेबलावर पांढरा लिफाफा होता आणि भिंग ताईला चहा ओतत होते.

“अभिनंदन,” ते म्हणाले. “उघड की.”

ताईनं लिफाफा हातात घेतला. एक क्षण मला वाटलं, गेलं. ही घेणार. मी दारावर थाप मारायला हात वर केला.

तेवढ्यात तिनं तो परत टेबलावर ठेवला. न उघडता. “सर, आधी मला काहीतरी सांगायचंय. एकतीस नंबरची जागा खरी एकोणीस आहे. नववी खूण खोटी आहे.”

भिंगांनी चहाची किटली खाली ठेवली. फोटो बघितले, दोनदा. मग कपाटातून तोच खंड काढून बघितला, कारण फोटोवर ते विश्वास ठेवणार नव्हतेच. मला वाटलं आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. फोन उचलला आणि माझ्या शाळेला लावला. “अहवाल परत घेतोय,” ते म्हणाले. “कामाला हात लावू नका, आधी माती तपासा. नाही, मुलीची नाही. अहवाल या ऑफिसचा, चूक या ऑफिसची.”

फोन ठेवून त्यांनी लिफाफा उचलला आणि खणात टाकला. खण लावला.

“खोट्या खुणा किती?” त्यांनी विचारलं.

“आठ, सर. पाचव्यापासून.”

“आणि पहिल्या चार खऱ्या?”

“हो.”

“कशावरून?”

ताई फोनमधले फोटो शोधायला लागली.

“सगळे बारा पुन्हा,” भिंग म्हणाले. “तीन महिने आणखी. पगार तोच. पत्राचं त्यानंतर बघू, आणि मिळेलच असं धरून चालू नकोस. सोमवारी दहाला ये.” मग दाराकडे न बघताच म्हणाले, “जिन्यातल्या बहिणीला म्हणावं, शाळेत जा.”

घरी रडारड झाली. आईला मामीची काळजी. बाबांना सगळं दोनदा सांगावं लागलं. “म्हणजे कायम झाली की काढली?” ते विचारत राहिले.

“दोन्ही नाही,” ताई म्हणाली.

“असं कसं? एक काहीतरी असायला हवं.” मग त्यांनी चष्मा काढून पुसला. “दोर न बघता सही केलेला माणूस मी परत कामावर घेतला नसता,” ते म्हणाले. आई त्यांच्यावर खेकसली, ताई आत निघून गेली, आणि बाबा चष्मा पुसतच राहिले. त्यानंतर तासाभरानं ते तिच्या दाराबाहेर जाऊन म्हणाले, “सोमवारी दहाला असेल तर नऊला निघ. लिफ्टनं जाऊ नकोस. त्या इमारतीची मी बघितलेली नाही.”

“बाबा, तिथे लिफ्टच नाही,” आतून आवाज आला.

सोमवारपर्यंत थांबायला ताई तयार नव्हती. शनिवारी सकाळी आम्ही दोघी तिच्या पाचव्या जागेच्या रस्त्यावर गेलो. तिच्या हातात पेन्सिल आणि वही, माझ्या हातात बिस्किटांचा पुडा. रस्त्यावर सगळं नवंच दिसत होतं, एकच घर जुनं होतं, लाकडी जिन्याचं. घंटी वाजवली. दार चार बोटं उघडलं, साखळी तशीच. फटीतून आजोबांचा एक डोळा आणि अर्धी मिशी.

“काय विकताय?”

“काही नाही, आजोबा,” ताई म्हणाली. “तुमच्या घराचा नंबर पूर्वी वेगळा होता का, एवढंच विचारायचंय.”

“का? कोणी पाठवलंय? पुतण्यानं?”

“नाही हो, कोणी नाही.”

“मग तुम्हाला काय करायचंय माझ्या नंबराशी?”

“मी एके ठिकाणी न बघता लिहिलं होतं,” ताई म्हणाली, “ते आता बघायला आलेय.”

एक डोळा तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग बिस्किटांकडे. साखळी काही निघाली नाही. पण आजोबा म्हणाले, “मी लहान होतो तेव्हा बेचाळीस होता. आता सात आहे. झालं समाधान?”

मी खूश होऊन ताईकडे बघितलं. तिनं वहीत ‘४२’ लिहिलं, त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं, आणि फटीत तोंड घालून म्हणाली, “आजोबा, याला काही कागद आहे का?”

दार धाडकन बंद झालं. ताईनं पुन्हा घंटी वाजवली.